'धक्का' आणि 'शॉक'

मराठी कथा-कादंबऱ्यांतील पात्रांना धक्के पुष्कळ बसतात. तार येते आणि पात्र मटकन खाली बसते. हा धक्का मनाचा. वैद्यकातील 'शॉक' मात्र रक्ताभिसरणाचा. पेशींना पुरेसा प्राणवायू पोचेल इतके रक्त न मिळणे, हा त्याचा अर्थ. एकच शब्द दोन अर्थक्षेत्रांत वावरू लागला की काय होते, हे आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवत आलो. त्याची किंमत मात्र मामींच्या आजारपणात कळली.

मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग रक्तात पसरून मामी अतिदक्षता विभागात होत्या. 'पेशंट शॉकमध्ये आहेत,' असे डॉक्टर म्हणताच मामा उत्तरले, 'कसला शॉक? घरात तर काहीच घडलं नाही.' पुढे कळले की बारा वर्षे न चुकता घेतलेली रक्तदाबाची गोळीही बंद केली आहे. मामांचा संशय बळावला. मामींना दुसरीकडे हलवण्याची भाषा ते करू लागले.

अखेर एका निवासी डॉक्टर मुलीने कागदावर चार चौकटी आखल्या. रक्तस्रावाने वा पटकीसारख्या आजाराने शरीरातील द्रवच घटला, हा पहिला प्रकार. हृदयाचा पंप थकला, हा दुसरा. जंतुसंसर्गाने वा अ‍ॅलर्जीने रक्तवाहिन्या सैलावल्या, हा तिसरा. फुप्फुसात मोठी गुठळी अडकली किंवा हृदयाभोवती द्रव साचून ते आवळले गेले, हा चौथा. रक्तदाब बहुधा चारही ठिकाणी कोसळतो. उपाय मात्र निराळे. पहिल्यास तारणारे सलाइन दुसऱ्याच्या फुप्फुसांत पाणी साठवू शकते. मामींचा प्रकार तिसरा होता. त्यांना सलाइन, अँटिबायोटिक आणि वाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन हवे होते. रक्तदाब उतरवणारी गोळी त्या घडीला घातक होती. मामांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि हलवण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. मामी वाचल्या.

हृदयाच्या औषधांचा इतिहासही असा संदर्भाधीन आहे. डिजिटॅलिसच्या पानांवर विल्यम विदरिंगने १७८५ साली ग्रंथ लिहिला. मात्रा किंचित वाढली की तेच औषध विष होते. सुरुंगातले नायट्रोग्लिसरीन छातीच्या कळेवर चालते. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाही उतारवयात ते सुचवले गेले होते. आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील प्रयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे तिच्याकडे लक्ष गेले.

'शॉक'ला मराठी प्रतिशब्द घडवावा, असे आमच्यातील काहींना वाटते. घडवावा, पण तोही नातेवाइकांना समजावूनच सांगावा लागेल. त्यापेक्षा 'रक्त अवयवांपर्यंत पुरेसे पोचत नाही' हे साधे वाक्य वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मराठीत बोलता येणे अधिक निकडीचे आहे. ते शिकवण्याचे काम आम्हा भाषेच्या अध्यापकांचेही आहे, असे आम्हांस आता वाटते.