अंबरखान्याच्या पोटात

गडहिंग्लजहून एसटी निघाली, संकेश्वरला हमरस्त्याला लागली, निपाणी-कागल मागे पडलं. कोल्हापुरात गाडी बदलून वाघबीळचा चढ चढलो. पन्हाळ्यावर येणारी मंडळी सज्जाकोठी, तीन दरवाजा बघतात. मला अंबरखाना बघायचा होता.

गंगा, यमुना, सरस्वती अशी ही धान्याची तीन कोठारं. त्यांतली गंगा सर्वांत मोठी, सुमारे दहा हजार चौरस फुटांची, पस्तीस फूट उंच. आदिलशाही धाटणीचं हे बांधकाम अजून भक्कम उभं आहे. आत शिरताच गारवा जाणवतो. डोळे अंधाराला सरावले की वरच्या घुमटातलं भोक दिसतं, त्यातून उजेडाचा झोत फरशीवर पडलेला असतो. अशी भोकं खणाखणाला आहेत. बाहेरच्या दगडी जिन्यांनी पोती छतावर न्यायची आणि या भोकांतून भात, नागली, वरी खाली ओतायची. पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा शिवाजी महाराजांना इथून चार महिने गड लढवता आला. त्यात तटबंदीइतकाच वाटा या धान्याचा होता, असं मी मानतो.

ते पिकवलं रयतेनं. शिवकाळात पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असा दंडक होता. इंग्लंडात चर्च पिकाचा दहावा हिस्सा घेई. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावात चौदाव्या शतकातलं मठाचं 168 फूट लांबीचं कोठार आजही जपलेलं आहे. मात्र तिथल्या कुळाला जमीनदाराचा खंड वेगळा भरावा लागे. देव असो की राजा, शेतकऱ्याच्या खळ्यावर हिश्शेदार ठरलेलाच.

वसुलीचं हे दुखणं आमच्या तालुक्यानंही भोगलंय. 1844 मध्ये गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या, आणि गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केलं. कंपनीच्या फौजेनं गड घेतला, तटबंदी पाडली. सामानगडावर आज पडके तट आणि खडकात खोदलेल्या विहिरी उरल्यात. पन्हाळ्याची कोठारं मात्र शाबूत आहेत.

पन्हाळ्याला जाल तेव्हा अर्धा तास अंबरखान्यासाठी राखून ठेवा. मुलांना आत न्या, छतातली भोकं दाखवा आणि तिथून कुणाचं धान्य खाली पडायचं, हे त्यांना आवर्जून सांगा.