‘ऑलमोस्ट’ची जागा

‘सर, आय स्टे इन भाईंदर ओन्ली.’ वर्गात असे वाक्य कानी आले की मला हसू येई. मराठीचा प्राध्यापक असूनही विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची थट्टा करण्याचा मोह मला आवरत नसे. ती सवय माझ्याच एका पत्राने मोडली.

एका विद्यार्थिनीसाठी मी शिष्यवृत्तीचे शिफारसपत्र इंग्रजीत लिहिले. नेमून दिलेल्या दहा निबंधांपैकी नऊ तिने पूर्ण केले होते. दहावा वडिलांच्या आजारपणात राहून गेला. मनात वाक्य होते, ‘तिने जवळजवळ सर्व निबंध पूर्ण केले आहेत.’ कागदावर उतरले ते असे : ‘शी हॅज ऑलमोस्ट कम्प्लीटेड ऑल द एसेज.’ ‘ऑल’च्या आधी बसायचे ‘ऑलमोस्ट’ क्रियापदाशी जाऊन बसले. नऊ पूर्ण निबंधांचे सगळेच निबंध पूर्ण होत आलेले, म्हणजे अपूर्ण, असे झाले. वाचणाऱ्यांनी तोच अर्थ घेतला. त्यात त्यांचा दोष नव्हता. दुरुस्त पत्र पोचले तेव्हा निवड होऊन गेली होती.

मराठीत शब्दक्रम सैल असतो, असे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. विभक्तिप्रत्ययांमुळे कर्ता आणि कर्म यांना हलता येते, हे खरे. पण ‘सर्व निबंध जवळजवळ पूर्ण केले’ म्हटले, की मराठीतही अर्थ पालटतोच. ‘च’ तर त्याहून काटेकोर. शालेय व्याकरणात तो शुद्ध शब्दयोगी अव्ययांत मोडतो. ‘मीच त्याला सांगितले’, ‘मी त्यालाच सांगितले’, ‘मी त्याला सांगितलेच’. पहिल्यात सांगणारा ठळक होतो, दुसऱ्यात ऐकणारा, तिसऱ्यात सांगण्याचा निर्धार.

‘भाईंदर ओन्ली’ म्हणणारा मुलगा मनात ‘भाईंदरमध्येच’ म्हणत असतो. ज्या शब्दावर भर, त्याच्या मागे ‘च’. म्हणून तेथेच ‘ओन्ली’. त्याचे इंग्रजी प्रमाण नसेल, पण भर कोठे द्यायचा हे त्याला पक्के ठाऊक असते. माझ्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती आणि तरी ते खोटे होते.

त्या मुलीला मी सारे सांगितले, पत्रही दाखवले. तिने ते दोनदा वाचले. मग म्हणाली, ‘सर, तुम्ही मराठीतच लिहायला हवं होतं.’