नर्सीच्या वाटेवरील वाद

हिंगोलीहून नर्सीस जातांना मोटारींत आमच्या नातवानें ‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईकर वाद्यवृंदाचीं पदें लाविलीं. गिटार व ड्रमच्या घोषांत अभंग! “आजोबा, हे आजचे नामदेवच,” हें त्याचें विधान ऐकून आम्ही किंचित् रुष्ट झालों.

कयाधूच्या तीरीं नामदेवांच्या (१२७०–१३५०) जन्मस्थानाचें दर्शन घेऊन आम्ही औंढ्यास गेलों. तेथें नंदी देवळाच्या मागें आहे. कीर्तनांत रंगलेल्या नामदेवांस देवळामागें घालविलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी आख्यायिका सांगतात. तें असो, परंतु ज्यांचीं ६१ पदें पंजाबांत गुरु ग्रंथसाहेबांत पूज्य झालीं, त्यांच्याशीं कालपरवांच्या लौकिकाची तुलना आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. चाल यांची, वाणी मात्र संतांची. टाळ्यांतील मोठा वाटा त्या वाणीचाच.

परतीच्या वाटेवर तींच पदें पुन्हा लागलीं. गोंगाट होताच, पण शब्द कोठें मोडले नव्हते. आणि घरीं आमच्याजवळ हरिपाठास कधीं न बसणारा नातू शब्द न् शब्द मुखोद्गत म्हणत होता! “आवाज थोडा कमी कर,” एवढेंच आम्ही म्हणालों. बंद कर म्हणवलें नाहीं.