खोली कवा पाहावी

खोली पाहायला वर्षातला चांगला महिना कोणता, हे मला विचारा. 5 वर्षांत 6 खोल्या झाल्या. त्यातल्या दोन मी सोडल्या, बाकीच्यांतून मला काढलं.

चुडाव्याहून नांदेड वीसेक किलोमीटर. पूर्णेकडून येणारी पॅसेंजर धरायची, मधे लिंबगाव, मग नांदेड. पण गाडी गाडीच्या टायमाला आणि मिल मिलच्या. जिनिंगची रात्रपाळी सुटते तवा स्टेशनात कुत्रंसुद्धा जागं नसतं. अंगावर, भुवयांवर सरकीची धूळ घेऊन बाकड्यावर किती दिवस झोपणार? म्हणून खोली.

आता बघा. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागतो, मिल चालू होते, आणि तवाच आमाला खोली लागते. पण तवा समद्यांनाच लागते. भाव चढलेला. मालक माणूस निवडून घेतो, आणि तो कसा निवडतो ते तुमाला मी काय सांगू. आधी नाव. मग गाव. मग, ‘पूर्ण नाव काय म्हणलात?’ मग चहाचा कप खाली ठेवीत, ‘चुडाव्यात कोन्या अंगाला घर?’ तेवढं कळलं की आतून काकू येतात. खोली म्हणे भाच्यासाठी ठेवलीय. भाचा काही येत नाही, ‘खोली भाड्याने देणे आहे’ची पाटी मात्र महिनाभर लटकून असते.

जून त्याहून वाईट. क्लासची पोरं बापाला घेऊन येतात, बाप रोख मोजतो. तिथं आमच्यासारख्याला दारात उभं कोण करणार? आणि पावसाळ्याचं माझी आजी सांगायची. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. आजी चार लेकरं घेऊन परभणीला एका नातेवाइकाच्या खोलीत शिरली. एक खोली, अकरा माणसं, वरून पत्रा गळायचा. भर पावसात माणूस खोली बघत नाही लेका, नुसतं छप्पर बघतो, असं म्हणायची. विद्यापीठाला नाव मिळालं 14 जानेवारी 1994 ला. आजी तवाही भाड्याच्याच खोलीत होती.

मी एकदा खोटं बोललो. सांगून टाकतो. फेब्रुवारीत खोली धरली, नुसतं पहिलं नाव सांगितलं, आडनाव गिळलं. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. दोन महिने बरे गेले. काकू भाजीसुद्धा द्यायच्या वाटीत. 14 एप्रिलला रात्री मिरवणुकीतून आलो, कपाळाला नीळ तशीच. काकूंनी दार उघडलं, बघितलं, काही बोलल्या नाहीत. सकाळी मालक म्हणाला, खोली रंगवायला काढायची आहे. ती वाटी माझ्याकडंच राहिली होती, ती मी ओट्यावर ठेवून आलो.

खोली गेल्याचं काही वाटलं नाही. फोटो ट्रंकेत ठेवल्याची लाज वाटत होती. सभेत निळा झेंडा धरणारा, कविता वाचणारा मी, आणि घरात बाप लपवून ठेवणारा. मग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हाती आलं. 1917 साली अमेरिकेतून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळंना. पारशी नाव लावून ते पारशांच्या सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात. एका हिंदू मित्राकडं गेले, एका ख्रिश्चन मित्राकडं गेले, दोघांनीही ठेवून घेतलं नाही. रात्रीची मुंबईची गाडी असेपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले. आणि नाव बदलल्याचं त्यांनी लपवलं नाही, आपल्या हातानं लिहून ठेवलं. ते वाचून मी रात्रपाळीत कापसाच्या ढिगाआड बसून रडलो. मुकादमाला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

तेव्हापास्नं मी खोली एप्रिलच्या शेवटाला पाहतो. कापूस संपत आलेला असतो, हंगामी माणसं गावी जातात. क्लासची पोरं परीक्षा देऊन मे महिन्यात खोल्या सोडतात. मालकाला जून दिसतो, पण मधली रिकामी खोली त्याला टोचत असते. भाडं थोडं तुटतं, डिपॉझिटही. शिवाय उन्हाळ्यात बोअरला पाणी असलं तर वर्षभर असतं. पत्र्याखाली दुपारी अर्धा तास बसून बघा, खोली कशी आहे ते कुणाला विचारायला नको. आणि जयंतीची नीळ कपाळावरून पुरती गेलेली नसते. तशीच जायचं. फोटो हातात धरून जायचं, आधी खिळा कुठं ठोकू ते विचारायचं. नाही म्हणणारा दारातच नाही म्हणतो, दोन महिन्यांनी सामान उचलावं लागत नाही. मागच्या वेळी पाच घरं नाही म्हणाली. सहावी म्हातारी म्हणाली, खिळा ठोक पण भिंतीचा पोपडा पाडू नको.

आणखी एक. अकरा महिन्यांचा तोंडी करार करू नका. भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, त्याचं कलम 55 वाचा. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरतात, मालक उलट सिद्ध करीस्तोवर. हे मी चार खोल्या गमावल्यावर वाचलं. तुमी आधी वाचा.

म्हातारीकडं माझ्या शेजारची खोली मे महिन्यात रिकामी व्हायलीय. बोअरला पाणी आहे, संडास सामाईक. चुडाव्या-पूर्णेकडच्या कुण्या पोराला पाहिजे असली तर पाळी सुटल्यावर मिलच्या गेटवर भेटा. फोटो संगं आणा. खिळा माझ्याकडं आहे.