नव्वद इंची पडदे

घरी शिवलं की स्वस्त पडतं, ही आपल्याकडची जुनी समजूत ग्लासगोत पार कोलमडते. पडद्याचं बरं सुती कापड इथे मीटरला दहा-पंधरा पौंडांना पडतं. अस्तर वेगळं, वरच्या चुण्यांची पट्टी वेगळी, दोरा वेगळा. एका उंच खिडकीला पाच-सहा मीटर सहज लागतात. उलट मोठ्या दुकानात शिवून, इस्त्री होऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली तयार जोडी तीस-चाळीस पौंडांत मिळून जाते. ती ढाक्याला नाहीतर आपल्याकडेच कोणीतरी कवडीमोलानं शिवलेली असते, हा भाग वेगळा. तेव्हा नवं कापड आणून घरी शिवणं ही इथे हौस झाली. बीबीसीवर २०१३ पासून शिवणकामाची स्पर्धा चालते, ती पाहून लोक हौसेनं मशीन घेतातही. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मग तिला काटकसर म्हणू नये.

माझ्या लहानपणी सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याला, हा हिशेब नेमका उलटा होता. कापड महाग आणि हात स्वस्त. आई साड्यांना फॉल लावून द्यायची, शेजारपाजारच्यांचे परकर आणि झबली शिवायची. आम्ही दोघे भाऊ, बहीण नाही, म्हणून हेमिंग माझ्या वाट्याला आलं. स्टेशनाच्या पश्चिमेच्या बाजारातून कटपीस आणायचे आणि कापायच्या आधी अर्धा तास जमिनीवर अंथरून नुसतं बघत बसायचं, हा तिचा रिवाज होता. कात्री लावली की कापड परत येत नाही, असं ती म्हणायची. फॉल आणला की आधी पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची आणि मगच साडीला लावायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो. शिवणाची शिस्त म्हणून माझ्याकडे जे काही आहे, ते एवढंच.

जुन्या कापडाला त्या घरात किंमत होती, आणि ती रोखीत मोजता यायची. विटलेल्या साड्या देऊन बोहारणीकडून स्टीलचा डबा किंवा पातेलं घेताना जी घासाघीस चाले, ती अजून कानात आहे. बोहारीण साडी उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधायची, आई तीच जागा घडीत दडवायची. बोहारणीच्या तावडीतून जे सुटेल ते गोधडीत जायचं. गोधडीचं शहाणपण मला २००५ साली कळलं. त्या २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ग्लासगो पावसाचं शहर म्हणून बदनाम, पण इथे वर्षभरात अकराशे-बाराशेच्या आसपास पडतो. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं. कापसाच्या गाद्या फुगल्या, सडल्या, महापालिकेच्या गाडीत गेल्या. गोधड्या मात्र धुऊन, पिळून, पाऊस उघडल्यावर कठड्यावर टाकल्या आणि पुन्हा अंगावर आल्या. आत भरलेलं काहीच नसतं ना! नुसते साड्यांचे थर आणि धावदोरा. आत कापूस नाही, म्हणून कुजायला काही नाही.

ही अक्कल घेऊन ग्लासगोत आलो आणि पडद्यांपाशी अडकलो.

इथली जुनी घरं म्हणजे टेनमेंट. लाल किंवा पिवळसर दगडाच्या तीन-चार मजली इमारती, एक सामाईक जिना, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. चाळीतून आलेल्या माणसाला त्यात समजून घ्यायला फारसं काही लागत नाही. गार्नेटहिल भागात असं एक घर संग्रहालय म्हणून जसंच्या तसं ठेवलं आहे. अ‍ॅग्नेस टोवर्ड नावाची टायपिस्ट बाई १९११ पासून १९६५ पर्यंत तिथे राहिली. तिची आई कपडे शिवायची. मुलीनं पन्नासेक वर्षांत काहीही फेकलं नाही, म्हणून आज आपल्याला पाहायला मिळतं. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोनाडा, त्यात पलंग, आणि पुढे पडदा. ते पाहून मी बायकोकडे बघितलं. आमच्या वाकोल्याच्या दीड खोलीतही मोरी आणि झोपायची जागा यांच्यामध्ये आईच्या साडीचाच पडदा होता. खोली वाढवता येत नसेल तर कापड टांगून ती दोन करायची, हा उपाय गरिबांनी सगळीकडे आपापला शोधलेला दिसतो.

टेनमेंटची अडचण अशी, की छत उंच. आमच्या बाहेरच्या खोलीतला पडद्याचा दांडा जमिनीपासून ११० इंचांवर आहे. दुकानातले तयार पडदे सहसा ठरलेल्या तीन मापांत येतात: ५४, ७२ आणि ९० इंच. त्यामुळे नव्वद इंची पडदा आमच्याकडे खिडकीची चौकट ओलांडतो आणि जमिनीपासून वीस इंच वर लटकतो, वाढत्या वयाच्या मुलाला गेल्या वर्षीची पँट घातल्यासारखा. मापानं शिवून घ्यायला गेलं तर इथे हात महाग. तीन खिडक्यांचा जो आकडा मिळाला, त्यात मुंबईचं विमानाचं तिकीट आलं असतं.

मग उलटा विचार केला. कापड विकत घ्यायचंच नाही. धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं इथे प्रत्येक रस्त्यावर आहेत. त्यांत चांगल्या जाड कापडाचे, अस्तर लावलेले नव्वद इंची पडदे पाच-दहा पौंडांत मिळतात, कारण घर बदललं की लोक पडदे टाकतात. तसे सहा पल्ले जमवले, प्रत्येक ६६ इंच रुंद. आणि त्यांना खालून साडी जोडली.

यातलं गणित सांगण्यासारखं आहे. पाचवारी साडीची लांबी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. पन्हा ४५ इंच. दोन्ही काठांकडून १८ इंच रुंदीच्या दोन लांब पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टीतून ६८ इंचांचे तीन तुकडे निघतात, शिलाईची दोन इंचांची सोय धरून. म्हणजे एका साडीत सहा पल्ले, तीन खिडक्या, आणि मधली नऊ इंचांची पट्टी वर उरते. काठ खाली आला की त्याला दुमडायची गरज नाही, कारण विणतानाच ती कड बंद झालेली असते. पडद्याची खालची मूळ शिवण उसवली की दुमडीत दडलेलं तीन-चार इंच कापड बाहेर येतं. त्यात साडीची पट्टी जोडली की बरोबर जमिनीला टेकतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, दोन्ही कापडं जोडायच्या आधी धुवायची, आईच्या फॉलसारखीच. पडदा एकदा आटून बसलेला असतो, साडी कदाचित नसेल. दुसरी, उसवलेल्या दुमडीच्या जागी एक गडद रेघ उरते. वरचं कापड वर्षानुवर्षं उन्हानं फिकं झालेलं, दुमडीतलं मूळ रंगाचं. ती रेघ कितीही धुतली तरी जात नाही. तिच्यावर साडीच्या मधल्या पट्टीतून काढलेली दोन इंची फीत टीप मारून बसवायची. मग ती मुद्दाम केलेली नक्षी वाटते. साडी पातळ असते, म्हणून पट्टीला मागून जुन्या चादरीचं अस्तर हवं, नाहीतर वरचा जाड पडदा आणि खालचं झिरझिरीत टोक असं विजोड दिसतं. चौदा नंबरची सुई, टाका थोडा मोठा. आणि खिडकीखाली रेडिएटर असेल तर पडदा चौकटीपर्यंतच ठेवावा. नाहीतर सगळी ऊब पडद्यामागे आणि आपण खोलीत कुडकुडत.

शिवलं हातमशीनवर. ते शनिवार-रविवारी भरणाऱ्या बॅराज बाजारात मिळालं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं सिंगर. आईचं मशीन वाकोल्याला भावाकडेच आहे. ते इथे आणायला विमानात दुसरी सीट काढावी लागली असती. पण भावाला त्याच्यावरचा नंबर वाचायला सांगितला तेव्हा तो इ अक्षरानं सुरू होणारा निघाला, आणि त्या अक्षराची मशीनं क्लाइडबँकला तयार झालेली. क्लाइडबँक आमच्यापासून लोकलनं वीसेक मिनिटांवर. तिथे किल्बोवी भागात १८८० च्या दशकात सिंगरनं कारखाना उभा केला, पहिल्या महायुद्धाआधी त्यात दहा हजारांवर माणसं काम करत होती. १९११ साली पॉलिश करणाऱ्या काही बायकांनी वाढीव कामाविरुद्ध हात थांबवले आणि बघता बघता जवळजवळ सगळा कारखाना संपावर गेला. संप फसला, पुढाऱ्यांना घरी बसवलं गेलं. १९८० मध्ये कारखानाही बंद झाला, पाडला गेला. रेल्वे स्टेशन राहिलं आहे, आणि त्याचं नाव अजून सिंगरच. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद केलं होतं, आणि त्यांनी उदाहरण दिलं तेही सिंगरचंच.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एक आजी तरुणपणी त्या कारखान्यात होत्या. माझ्या मशीनचा खडखडाट जिन्यात ऐकून दार ठोठावलं. आत येऊन त्यांनी मशीनकडे पाहिलं, पडद्यांकडे नाही. चाक फिरवून आवाज ऐकला आणि तेल कुठे कुठे घालायचं ते दाखवलं. जुन्या चादरीचं काय करायचं हेही त्यांनीच सांगितलं: मधोमध विरली की उभी फाडायची, दोन्ही बाजूंच्या न झिजलेल्या कडा मध्ये आणून जोडायच्या. महायुद्धात, १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं तेव्हा, त्यांच्या आईनं सगळ्या चादरी अशाच केल्या होत्या. मी म्हटलं, माझी आजी लुगड्याला दंड घालायची ते हेच. आजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, चादर काय नि लुगडं काय, झिजतं मधूनच.

बाकीची कामं किरकोळ आहेत, पण हात बसायला तीच बरी. सोळा इंची उशीला चेन लावायच्या भानगडीत पडू नये. पुढचा तुकडा १७ बाय १७, मागचे दोन १७ बाय १२. त्यांच्या एकेका कडेला इंचभर दुमड, आणि दोन्ही एकमेकांवर पाच इंच चढवून शिवायचे. पाकिटासारखं तोंड होतं, उशी त्यातून आत जाते. त्याहून सोपं म्हणजे जुना शर्ट: बटणपट्टी मागे येईल असा चौकोन कापला की काजं-बटणं आयती. माझ्या ऑफिसच्या शर्टांची कॉलर झिजते, अंग धडधाकट राहतं. आमच्या कोचावर सध्या तीन शर्ट आहेत. आणि या सगळ्यातून उरलेल्या चिंध्या दाराखालच्या फटीसाठी. दाराएवढी लांब कापडी वळकटी शिवायची, तीत चिंध्या ठासून भरायच्या, टोकं बांधायची. ग्लासगोच्या जानेवारीत जिन्यातून येणारा वारा तिनं अडतो. इथे ती दुकानातही मिळते, आत पॉलिएस्टर भरलेली, चांगल्या किमतीला.

एका पाहुण्यांनी पडद्याचा कोयऱ्यांचा काठ पाहून सांगितलं, ही तर आमची पेझलीची नक्षी. पेझली गाव इथून दहा-पंधरा मिनिटांवर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर काश्मिरी शालींच्या नकला विणल्या गेल्या आणि गावाचं नाव नक्षीला चिकटलं. पुढे त्याच गावात दोऱ्याच्या गिरण्या आल्या. आईच्या डब्यात भरतकामाच्या ज्या अँकरच्या लडी असायच्या, तो अँकर तिथल्या क्लार्क घराण्याच्या गिरणीचा. मी पाहुण्यांना चहा दिला आणि वाद घातला नाही.

सांताक्रूझहून काही ओळखीचे लोक विचारतात, आम्हीही घरी शिवायला मशीन घ्यावं का? माझं उत्तर, हौस असेल तर जरूर, पैसे वाचवायचे असतील तर नको. तुमच्याकडे अजून गल्लीच्या तोंडाशी मशीन टाकून बसणारा शिंपी आहे, आणि तो पडद्याला पट्टी जोडायचे जे पैसे घेतो त्यात इथे दोऱ्याचं रीळ येत नाही. मापं स्वतः घ्या, कापड कपाटातलं काढा, साडी आधी धुवा, आणि शिवायला त्याच्याकडे न्या. सांगेल ते पैसे द्या, घासाघीस करू नका.