समोर पाहू नका!

नांदगाव खंडेश्वरला आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाबांच्या वेळेपासूनचा. फॉर्मचे फोटो, साक्षगंध, लग्न, बारसं आणि शेवटी तेरवीला हार घालायचा तो मोठा फोटो. माणूस जन्मापासून जाईपर्यंत आमच्या गिऱ्हाइकीत असतो. सतरा वर्षांत मी लोकांना मुख्यतः तीनच गोष्टी सांगितल्या असतील. समोर पाहा. मान थोडी वर. हलू नका. आणि काल, मंगळवारी, अमरावतीत लाइन गेली म्हणून मला कळलं की यातलं काहीच न सांगताही फोटो निघतो. निघतो म्हणजे काय, असा निघतो की रात्रभर डोळ्याला डोळा नाही!

झालं असं. लग्नाचे दोन अल्बम आणायला सकाळच्या एसटीनं गेलो. लॅबमध्ये पोचलो तर लाइट नाही, मशीन बंद. "चार वाजता या भाऊ." आता अमरावती मला परकी नाही, वीस वर्षं जातोय. पण माझी अमरावती म्हणजे स्टँड, लॅब, कॅमेऱ्याचं दुकान, राजकमल चौकात चहा आणि परत स्टँड. अंबादेवीला नवरात्रात जातो, तेही रांगेत पुढच्याच्या पाठीकडे पाहत. बॅगेत कॅमेरा होता, नुकताच सेन्सर साफ करून घेतलेला. म्हटलं चला, जरा पायी फिरू.

जवाहर गेटमधून आत शिरलो.

या गेटमधून शंभरदा तरी गेलो असेन, ऑटोत बसून, मांडीवर पिशवी धरून. काही काम नसताना, पायी, हातात कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच. कमानीखाली सावली, पलीकडे लख्ख ऊन, आणि मधे चाकूनं कापल्यासारखी सरळ रेघ. त्या रेघेवर माणूस आला की पेटतो, पाऊल पुढं टाकलं की विझतो. डोक्यावर टोपलं घेतलेली बाई पेटली, विझली. सायकलला दुधाच्या कॅन लावलेला म्हातारा. एकाच दप्तराचा एकेक पट्टा धरून चाललेले दोन पोट्टे. असा उजेड करायला मला दोन सॉफ्टबॉक्स, एक छत्री आणि अर्धा तास लागतो हो, आणि इथं तो रस्त्यावर फुकट सांडलेला! भिंतीला टेकलो तो पाऊण तास हललो नाही.

हे गेट ज्याचं आहे त्या जुन्या शहराभोवतीच्या परकोटाचा इतिहास ऐकला होता, पण तो कानावरून गेलेला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथले पैसेवाले व्यापारी वाचावेत म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली हे काम सुरू झालं. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे घराची नव्हे, भिंतीतला लहान दरवाजा. पटेल खिडकी, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी आणि खुनारी खिडकी. हे शेवटचं नाव तिथल्या जुन्या खूनखराब्यावरून पडलेलं. चारही नावं मनात घोळवत भिंतीच्या कडेकडेनं निघालो. दगडांच्या सांध्यांतून पिंपळ उगवलेला, त्याच्या फांदीवर कुणाचं तरी गोधडं वाळत घातलेलं. पेंढाऱ्यांसाठी बांधलेल्या भिंतीचा दोनशे वर्षांनी हा उपयोग!

पुढं एका ठिकाणी परकोटाच्या फटीत खिळा ठोकून कटिंगवाल्यानं आरसा टांगला होता. खाली एक लाकडी खुर्ची, वर ताडपत्री, झालं दुकान. वरच्या ओठावरून वस्तरा फिरवायचा म्हणून त्यानं गिऱ्हाइकाचं नाक दोन बोटांत धरून वर केलं होतं, आणि गिऱ्हाईक तशा दाबलेल्या नाकानंही तुरीच्या भावावर बोलतच होतं! गालावर फेस, डोळे आभाळाकडे, पायातली चप्पल तालात हलतेय. मी दाबलं बटण. आवाजानं कटिंगवाल्यानं वळून पाहिलं.

"काढा ना भाऊ, पण याचा कायले काढता? माहा काढा!"

आणि वस्तरा ठेवून तो उभा राहिला. कंगवा फिरवला, शर्टाची कॉलर ओढली, समोर पाहिलं, मान थोडी वर केली, श्वास रोखला. अगदी आपल्या स्टुडिओतलं गिऱ्हाईक. सतरा वर्षं लोकांना जे शिकवत आलो ते सगळं त्यानं न सांगता करून दाखवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत फोटो मेला. तोच माणूस, तोच आरसा, तोच उजेड. एका मिनिटापूर्वी नाक धरणारा हात जिवंत होता, आता तो मांडीला चिकटून लाकूड झालेला. मी तो फोटोही काढला, त्याला दाखवला, तो खूश. पण मला जे कळायचं ते कळलं होतं.

मग मी चालच बदलली. दर वेळी डोळ्याला कॅमेरा लावून फोकस करत बसलो की लोक सावध होतात. म्हणून लेन्स पस्तीसवर ठेवली, अ‍ॅपर्चर आठ आणि फोकस दहा फुटांवर बांधून टाकला. एवढं केलं की साधारण सहा फुटांपासून वीसेक फुटांपर्यंत जे येईल ते कामापुरतं साफ येतं. लग्नात नाचणाऱ्या पोट्ट्यांसाठी ही युक्ती मी कधीच का नाही वापरली, देव जाणे. आता फक्त जागेवर उभं राहायचं आणि माणूस त्या पट्ट्यात यायची वाट पाहायची. नवा माणूस दोन मिनिटं खटकतो, दहाव्या मिनिटाला तो खांब होतो. त्याला टेकून कुणी बिडीही पेटवेल.

सक्करसाथ, सराफा, बुधवारा, कुठून कुठं गेलो ते नीट सांगता यायचं नाही. भाजीवाल्यांची रांग मात्र पाठ आहे. प्रत्येकीच्या डोक्यावर वेगळ्या रंगाची ताडपत्री आणि उन्हं बरोबर माथ्यावर. निळ्या ताडपत्रीखालची मावशी पार निळी, तिच्या पुढ्यातला संत्र्यांचा ढीग काळपट; एकच संत्रं ताडपत्रीच्या भोकातून आलेल्या उन्हात सापडलेलं, ते तेवढं निखाऱ्यासारखं! चेहऱ्यावर असा रंग आला तर मी कॉम्प्युटरवर तास तास घालवून काढून टाकतो, नवरी गोरी दिसली पाहिजे ना. इथं तो काढला तर उरतं काय?

सगळंच गोड झालं असं नाही. अंबाडीच्या जुड्या बांधणाऱ्या एका बाईनं हटकलं. "कोण्या पेपरचे हाय तुम्ही? मले नाई आवडत, काढून टाका." तिच्यासमोर डिलीट केला. फोटो चांगला होता, जीव थोडा चुटपुटला, पण चेहरा तिचा आहे. नंतर तिनंच पाणी विचारलं.

रात्री घरी मोबाइलवर पाहत बसलो तर अशा कामात आयुष्यं घातलेली माणसं निघाली. सुधारक ओलवे, मूळचे आपल्या अकोल्याचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले, २०१६ साली पद्मश्री मिळाली. आणि शिकागोची ती व्हिव्हियन मायर! लोकांची लेकरं सांभाळायची नोकरी, आणि सुटीत, येता-जाता रस्त्यावरचे फोटो. लाखावर निगेटिव्ह, बहुतेक कुणाला दाखवले नाहीत. भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून पुढं जगाला कळलं. तिचा कॅमेरा पाहून मी उठून बसलो. दोन डोळ्यांचा, छातीशी धरून वरून खाली पाहायचा, थेट बाबांच्या याशिकासारखा! मान खाली घातलेल्या माणसाला कोण भिणार? कपाट उघडून याशिका काढला, रात्री दीड वाजता. एका रोलमध्ये बारा फोटो यायचे. दोन रोलांत बाबा अख्खं लग्न उरकायचे. मी चार तासांत चारशे बारा दाबले, त्यातले धड नऊ.

आणि एक गोष्ट सांगायला लाज वाटते. आमच्या खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात यादव राजा कृष्णाच्या काळातला, शके ११७७ चा शिलालेख आहे. त्या देवळात मी शेकडो नवरा-नवरी उभे केले, मागचे दगड दर वेळी छान धूसर केले. शिलालेखाचा एक फोटो माझ्याकडे नाही. आज सकाळी जाऊन आलो. फोटो काढलाच नाही, नुसतं ऊन कुठून कुठं सरकतं ते पाहत बसलो. पुजाऱ्यांनी दोनदा विचारलं, बरं आहे ना.

हां, तर कालचं राहिलंच. उन्हं उतरल्यावर गिला वडा खाल्ला, बोटं कढीत बुडालेली असतानाही समोरच्या कढईच्या वाफेतून पलीकडचे चेहरे दिसत होते ते काढले, शेवटची बॅटरी संपली, धावत स्टँडवर आलो आणि एसटीत बसून सगळे फोटो पुन्हा पाहत नांदगावला उतरलो. दारातच बायकोनं विचारलं, "अल्बम कुठी हाय?"

अल्बम! चार वाजता बोलावलं होतं त्यांनी.

नवरीच्या काकांचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला. रागात आहेत, आणि बरोबरच आहे त्यांचं. उद्या पहिल्या एसटीनं जाऊन घेऊन येतो म्हणालो. लॅब साडेदहाला उघडते हे त्यांना सांगितलं नाही. सकाळी खोलापुरी गेटवर ऊन कसं पडतं ते पाहायचंय.