गळ हातातच असू द्या

ओहोटीच्या वेळी जुहूच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गळ लावून बसलेली माणसे आपण पाहिली असतील. माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक रुग्ण आजोबा त्यांतलेच.

त्यांचे बालपण महाडजवळच्या ओढ्यांकाठी, बांबूच्या काठीला दोरा बांधून मासे धरण्यात गेले. काळ नदीवरील वाळण कोंडीत मात्र गळ लावायचा नाही, कारण तेथील महाशीर मासे देवीचे मानले जातात. कोठे धरावे आणि कोठे सोडावे, हे ते तेथेच शिकले.

गेल्या वर्षी ते घरात पडले आणि मी त्यांचा समुद्र बंद केला. हाड सांधले, जेवण व बोलणे मात्र घटत गेले. चूक माझी होती.

आता सोबत नातू, बसायला खुर्ची, पायांत घट्ट चपला. उधाण व पावसाळ्यात सुट्टी. शिंगाळ्याचा काटा टोचल्यास तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा व डॉक्टरांना दाखवावा. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. म्हणून पाण्याची ऊब आधी सोबत्याने आपल्या हाताने पाहावी.

मासा रोज लागत नाही. आजोबा मात्र आता भाकरी मागून घेतात.